पगारी इंटर्नशिप आणि सरकारी पैसा: सोलापुरातून सारखे येणारे प्रश्न

चिंचोळी, होटगी रोड आणि अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या बारक्या कारखानदारांची पीएफ-ईएसआयची कागदं मी करतो, त्यामुळे "पोरं ठेवली की सरकार पगार देतंय म्हणे, खरंय का?" हा मेसेज आठवड्यातून दोनतीनदा येतोच. पोरांचे आणि त्यांच्या पालकांचेही येतात. तीच तीच उत्तरं टाइप करून बोटं दुखायला लागली म्हणून सगळं एकदाच लिहून ठेवतोय. एक विनंती, वरून खाली नाही वाचलं तरी चालेल पण प्रश्न २ सोडू नका, निम्मे घोळ तिथंच होतात.

१. सरकार नक्की काय देतंय? माझ्या कारखान्यातल्या शिकाऊ पोराचा सगळा पगार सरकार देणार का?

एकाच नावाची एक योजना आहे असं समजूच नका. बाजारात चार वेगवेगळ्या गोष्टी एकत्र फिरताहेत. पहिली राज्य सरकारची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना, हीच ती जिला लोक 'लाडका भाऊ' म्हणतात, २०२४ च्या आषाढीला पंढरपुरात तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांनी आकडे सांगितले आणि नाव पडलं ते पडलंच. दुसरी नॅप्स म्हणजे केंद्राची शिकाऊ उमेदवारांसाठीची योजना, २०१६ पासून आहे. तिसरी नॅट्स, ती डिग्री-डिप्लोमावाल्यांची, शिक्षण मंत्रालयाकडून चालते. चौथी पंतप्रधान इंटर्नशिप योजना, ती मोठ्या कंपन्यांसाठी. ह्यात पूर्ण रक्कम सरकार देतं ती फक्त पहिलीत, नॅप्स-नॅट्समध्ये सरकार काही हिस्सा उचलतं आणि बाकीचा मालकाने द्यायचा.

२. मग माझ्यासाठी कुठली योजना? सगळ्यात जास्त पैसे मिळतात ती सांगा.

हा प्रश्न उलटा विचारला जातो. मालक आधी योजना निवडतो, मग तिच्यात बसणारं पोरगं शोधत बसतो, आणि मिळालं नाही की योजनेला शिव्या देतो. आधी समोर उभ्या असलेल्या पोराकडे बघा. त्याचं शिक्षण चालू आहे की संपलंय? संपलं असेल तर शेवटची पास परीक्षा कुठली, दहावी, बारावी, आयटीआय, डिप्लोमा का डिग्री? वय किती? ह्या तीन उत्तरांवर योजना आपोआप ठरते.

ढोबळमानाने सांगायचं तर शिक्षण संपलेलं बारावी पास किंवा पुढचं पोरगं राज्याच्या योजनेत, दहावी किंवा आयटीआयवालं नॅप्समध्ये, डिप्लोमा-डिग्री होऊन ५ वर्षं उलटली नसतील तर नॅट्समध्ये. शिक्षण चालू असेल तर प्रश्न ३ बघा.

३. माझी मुलगी बीकॉमच्या शेवटच्या वर्षाला आहे, सकाळी कॉलेज असतं, दुपारी एका सीएकडे जाईल म्हणते, तिला लाडका भाऊचे १०,००० मिळतील का?

नाही. शिक्षण चालू असलेला उमेदवार त्या योजनेत चालत नाही, आणि डिग्री हातात नसताना १०,००० चा दर तर लागूच होत नाही. हे ऐकून लोक चिडतात, की इंटर्नशिप म्हणजे तर विद्यार्थ्यांसाठीच ना! बरोबर आहे तुमचं, पण राज्याची योजना लिहिलीय ती शिकून घरी बसलेल्या पोरांसाठी.

शिकता शिकता सरकारी हिस्सा मिळण्याचा खरा रस्ता एकच, तो म्हणजे शिकाऊ उमेदवारी जोडलेली डिग्री, ज्याला कॉलेजात एईडीपी म्हणतात. यूजीसीच्या नियमाप्रमाणे तीन वर्षांच्या डिग्रीत कमीत कमी एक आणि जास्तीत जास्त तीन सेमिस्टर कंपनीत काढायची, त्याचे क्रेडिट मिळतात, आणि नॅट्सवर करार झाला तर विद्यावेतनातला सरकारचा वाटाही मिळतो. पण हे कॉलेजने आधीच सुरू केलेलं असावं लागतं, ऐनवेळी आपल्या मर्जीने होत नाही. अ‍ॅडमिशन घेतानाच विचारा. नसेल तर सीएने खिशातून काय देईल ते, सरकारचा त्यात संबंध नाही.

४. कॉलेजने ओजेटी करायला सांगितलंय, त्याला सबसिडी आहे का? कंपनी फुकट काम करून घेतेय.

ओजेटी म्हणजे ऑन जॉब ट्रेनिंग, नव्या शैक्षणिक धोरणात अभ्यासक्रमाचाच भाग आहे, क्रेडिटसाठी असतं. त्याला आपोआप कुठलंही सरकारी विद्यावेतन लागत नाही. कंपनीने दिलं तर तिचा मोठेपणा.

इथं माझं स्पष्ट मत सांगतो, दोन महिने पोरीकडून जीएसटीच्या एंट्र्या मारून घ्यायच्या आणि शेवटी एक सर्टिफिकेट हातात टेकवायचं हे बरोबर नाही, निदान येण्याजाण्याचं पेट्रोल आणि जेवण तरी द्या की ओ.

५. राज्याच्या योजनेत कोणाला किती मिळतं, किती महिने?

बारावी पासला महिना ६,०००, आयटीआय किंवा डिप्लोमावाल्याला ८,०००, डिग्री किंवा पीजीवाल्याला १०,०००. वय १८ ते ३५, महाराष्ट्राचा रहिवासी, आधार जोडलेलं बँक खातं, आणि महास्वयं पोर्टलवर नोंदणी. सुरुवातीला मुदत ६ महिने होती, २०२५ मध्ये ती वाढवून ११ महिने केली. एका माणसाला आयुष्यात एकदाच. मालकाला वरून आणखी रक्कम द्यायची असेल तर देता येते, कोणी अडवत नाही.

दहावी पास पोरगं ह्यात बसत नाही, त्याच्यासाठी प्रश्न ८. आणि फॉर्म भरायच्या आधी पोर्टलवर बघून घ्या की सध्या नवीन जागा घेताहेत का, नाहीतर सायबर कॅफेवाला फॉर्मचे पैसे घेऊन मोकळा होतो.

६. मालक म्हणून माझ्या काय अटी? आणि किती पोरं घेता येतात?

धंदा महाराष्ट्रात पाहिजे, कमीत कमी ३ वर्षं जुना पाहिजे, आणि ईपीएफ, ईएसआयसी, जीएसटी, उद्यम (जुनं उद्योग आधार) वगैरे नोंदण्या पाहिजेत. आपल्या पूर्व भागातले बरेच यंत्रमागवाले इथंच अडकतात. कारण शेड एक, माग तीन नावांवर, त्यातल्या एका नावाला जीएसटी आहे तर पीएफ नाही. ज्या नावाने अर्ज करताय त्याच नावाची कागदं लागतात, भावाच्या फर्मचा पीएफ कोड जोडून चालत नाही.

संख्येचं म्हणाल तर कारखान्याला एकूण मनुष्यबळाच्या १० टक्के, सेवा क्षेत्राला २० टक्के. म्हणजे ४० माणसांच्या टॉवेल कारखान्याला ४ पोरं, आणि ३० माणसांच्या हॉस्पिटलला किंवा हॉटेलला ६. मनुष्यबळ म्हणजे कागदावरचं हो, पीएफ चलनात १५ नावं आणि अर्जात ४० असं केलं तर काय होणार ते तुम्हीच समजा.

७. सबसिडी माझ्या चालू खात्यात येते का पोराच्या?

पोराच्या. हे इतक्या लोकांना इतक्या वेळा सांगितलंय की आता पाठ झालंय. राज्याच्या योजनेचे पैसे थेट प्रशिक्षणार्थीच्या खात्यात जातात. नॅप्समध्ये पूर्वी मालकाने आधी द्यायचे आणि मग सरकारकडून परत मागायचे असं होतं, पण २०२३ पासून सरकारचा हिस्सा थेट उमेदवाराच्या खात्यात जातो. नॅट्सचंही २०२४ पासून तसंच झालंय.

काही जण पोराला सांगतात की तुझ्या खात्यात आले की अर्धे मला आणून दे, जेवणाचे कापतो, ट्रेनिंगची फी कापतो. हे सरळसरळ चुकीचं आहे, आणि पोरं आता गप्प बसत नाहीत, फोनमध्ये रेकॉर्डिंग करून ठेवतात.

८. नॅप्सचं गणित नीट समजावा. २५ टक्के म्हणजे नक्की किती?

विद्यावेतनाच्या २५ टक्के पण जास्तीत जास्त १,५०० रुपये महिना. २०१९ च्या नियमांप्रमाणे किमान विद्यावेतन पाचवी ते नववीला ५,०००, दहावीला ६,०००, बारावी किंवा आयटीआयला ७,०००, डिप्लोमाला ८,०००, डिग्रीला ९,०००.

आता दहावी पास पोरगं ६,००० वर घेतलं तर २५ टक्के म्हणजे बरोबर १,५००, तुम्ही द्यायचे ४,५००. आयटीआयवालं ७,००० वर घेतलं तर २५ टक्के होतात १,७५०, पण १,५०० च्या वर सरकार जात नाही, म्हणून तुमचे ५,५००. तुम्ही खुशीने ९,००० दिले तरी सरकारचे १,५०० च, वरचे सगळे तुमचे. म्हणजे जितकं शिकलेलं पोरगं तितका तुमचा टक्का वाढत जातो, छोट्या कारखान्याला दहावीवालं पोरगं परवडतं ते ह्याच्यामुळे.

एक गंमत आयटीआयवाल्यांची. जाहिरातीत ७,७०० आणि ८,०५० असे विचित्र आकडे दिसतात, लोक विचारतात हे कुठून आले. दुसऱ्या वर्षाला किमान दराच्या १० टक्के आणि तिसऱ्या वर्षाला १५ टक्के वाढ असते, आणि आयटीआयमध्ये काढलेला काळ शिकाऊ उमेदवारीतलाच धरतात, म्हणून एक वर्षाचा ट्रेड केलेल्याला दुसऱ्या वर्षाचा दर आणि दोन वर्षांवाल्याला तिसऱ्याचा. वेल्डर (एक वर्षाचा) आणि फिटर (दोन वर्षांचा) शेजारी शेजारी उभे राहून एकमेकांची स्लिप बघतात आणि भांडण मालकाकडे येतं, तेव्हा हे सांगता यावं.

मे २०२५ मध्ये केंद्रीय शिकाऊ उमेदवारी परिषदेने हे दर ३६ टक्क्यांनी वाढवायची शिफारस केली, म्हणजे ५,००० ते ९,००० च्या जागी ६,८०० ते १२,३००. करार करताना त्या दिवशी पोर्टल कुठला दर घेतंय तो बघा, जुन्या पीडीएफवर जाऊ नका.

९. डिग्री-डिप्लोमावाल्याला नॅप्स करू का नॅट्स?

नॅट्स, डोळे झाकून. तिथं किमान विद्यावेतनाचा निम्मा भाग सरकार देतं, म्हणजे डिग्रीवाल्याच्या ९,००० तले ४,५०० आणि डिप्लोमावाल्याच्या ८,००० तले ४,०००. नॅप्समध्ये त्याच पोराचे १,५०० च मिळतील. आपल्याकडे हे मुंबईच्या बोटकडून चालतं, बोट म्हणजे बोर्ड ऑफ अप्रेंटिसशिप ट्रेनिंग, काम सगळं ऑनलाइन. आपल्याकडची इंजिनिअरिंगची पोरं पास झाली की सरळ हिंजवडीची बस पकडतात, त्यातल्या एखाद्याला वर्षभर इथं थांबवायचं असेल तर ही योजना बरी आहे, ९,००० चे ११,००० करून द्या, तुमचे जातात ६,५०० च.

१०. आमच्याकडे ३४ लोक आहेत, कन्सल्टंट म्हणतो शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात. घाबरवतोय का खरं आहे?

खरं आहे. ३० किंवा जास्त माणसं असली की शिकाऊ उमेदवार कायदा, १९६१ चा, लागू होतो आणि घेणं सक्तीचं आहे. ४ ते २९ असतील तर ऐच्छिक. चारच्या खाली असतील तर घेताच येत नाहीत, म्हणून "मी आणि माझी बायको दोघंच दुकान बघतो, एक पोरगं नॅप्सवर द्या" हे होत नाही.

किती घ्यायचे तर २.५ ते १५ टक्के, आणि मोजताना कंत्राटी माणसंही धरायची, बरेच जण फक्त रोलवरची धरतात. तुमच्या ३४ ला कमीत कमी १, जास्तीत जास्त ५. नाही घेतले तर दंड आहे, कमी पडलेल्या प्रत्येक उमेदवारामागे पहिले तीन महिने दरमहा ५०० आणि त्यानंतर दरमहा १,०००. आकडा बघून "भरून टाकू" म्हणणारे आहेत, पण दंड भरून जागा रिकामी ठेवण्यापेक्षा एक पोरगं शिकवलेलं बरं.

११. महिन्यात किती सुट्ट्या चालतात? गड्ड्याच्या यात्रेला पोरं गायब होतात.

राज्याच्या योजनेत महिन्यात १० दिवस किंवा जास्त गैरहजर राहिलं तर त्या महिन्याचं विद्यावेतनच मिळत नाही, आणि पहिल्याच महिन्यात सोडून गेलं तर काहीच मिळत नाही. जानेवारीत सिद्धेश्वराची यात्रा (हीच गड्ड्याची), संक्रांत, घरातली लग्नं असं धरून पोरं सहज आठ-नऊ दिवस मारतात, त्यात एक दिवस ताप आला की गेला महिना. पोरांना हे पहिल्याच दिवशी सांगा, फेब्रुवारीत सांगून उपयोग नाही.

आणि मालकांनो, हजेरी तुम्हाला पोर्टलवर भरायचीय. वहीतली हजेरी आणि पोर्टलवरची हजेरी वेगळी निघाली की अडचण तुमची. होटगी रोडला एका टॉवेलच्या कारखान्यात काय करतात बघा. हेमिंगच्या टेबलाजवळ भिंतीला एक रजिस्टर टांगलंय, पोरं आल्या आल्या वेळ टाकून सही करतात, सुपरवायझर तिथंच शेजारी आद्याक्षरं टाकतो, आणि २५ तारखेला त्या पानाचा फोटो काढून अकाउंटंट पोर्टलवर भरायला बसतो. महिना संपल्यावर आठवून आठवून भरत नाहीत. साधी गोष्ट आहे पण त्यांच्या पोरांचे पैसे हजेरीवरून अडकत नाहीत.

१२. हजेरी बरोबर, मंजूर पण दाखवतंय, तरी खात्यात पैसे नाहीत. कोणाला विचारू?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न. थोडा उशीर होतो ही तर सगळीकडचीच तक्रार आहे, त्यावर माझ्याकडे औषध नाही. पण पोर्टल "पाठवले" म्हणतंय आणि पासबुकात नाही, तेव्हा बहुतेक वेळा पैसे दुसऱ्याच खात्यात गेलेले असतात.

असं होतं की थेट लाभाचे म्हणजे डीबीटीचे पैसे अर्जात लिहिलेल्या खात्यात नाही तर आधारला डीबीटीसाठी जोडलेल्या खात्यात पडतात. ती जोडणी एनपीसीआयच्या (बँकांमधल्या ऑनलाइन व्यवहारांची यंत्रणा चालवणारी संस्था) यादीत असते आणि एका वेळी एकाच बँकेची. आता पोराने अर्जात नवीन खातं दिलं, पण आठवीत स्कॉलरशिपसाठी शाळेने काढून दिलेलं जुनं खातं अजून आधारला चिकटलेलं आहे, पैसे गुपचूप तिकडे. पासबुक कुठंय तेही घरात कोणाला माहीत नसतं! बँकेत "आधार लिंक आहे का" विचारलं तर ते "हो" म्हणतात, कारण केवायसीला आधार दिलेलं असतं, ते वेगळं आणि डीबीटीची जोडणी वेगळी. म्हणून विचारायचं असं, "माझं आधार डीबीटीसाठी कुठल्या बँकेला मॅप आहे?" आधारच्या वेबसाइटवर बँक सीडिंग स्टेटसही दिसतं.

दुसरा घोळ नावाचा. आपल्याकडे तेलुगू आडनावं भरपूर, आधारवर एक स्पेलिंग, मार्कशीटवर दुसरं, बँकेत तिसरं, कधी वडिलांचं नाव पुढे कधी मागे. आधी आधार आणि बँक एकसारखं करून घ्या, मग अर्ज. हे सगळं बघूनही काही कळत नसेल तर जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्रात जा, जाताना आधार, पासबुक आणि नियुक्तीचं पत्र तिन्हीच्या झेरॉक्स न्या, एक विसरलात की दुसरी चक्कर.

१३. सरकारचा हिस्सा आला नाही म्हणून मालक त्याचा हिस्साही देत नाही, चालतं का?

अजिबात नाही. नॅप्स-नॅट्समध्ये मालकाचा हिस्सा मालकाचा, तो पुढच्या महिन्याच्या १० तारखेपर्यंत द्यायचा असतो, आणि बँकेतूनच द्या म्हणजे पुरावा राहतो.

१४. शिकाऊ पोरांचा पीएफ, ईएसआय भरायचा का?

शिकाऊ उमेदवार कायद्याखाली पोर्टलवर करार नोंदवलेला असेल तर तो कामगार धरला जात नाही, पीएफ-ईएसआय लागत नाही. राज्याच्या योजनेतल्या प्रशिक्षणार्थींनाही हे कायदे आणि किमान वेतन लागू नाही असं सरकारने शासन निर्णयातच म्हटलंय.

गोची तिसऱ्या प्रकारात आहे. करार नाही, योजना नाही, फक्त लेटरहेडवर 'इंटर्न' लिहिलंय आणि पोरगं दीड वर्षं मशीनवर उभं आहे. त्याला पीएफ इन्स्पेक्टर इंटर्न म्हणत नाही, कर्मचारीच म्हणतो, आणि मागच्या तारखेपासून व्याजासकट लावतो. कागदावर शब्द कुठला लिहिलाय ह्याला तिथं काही किंमत नसते.

१५. आमच्याकडे दिवाळीआधी ऑर्डर असते, शिकाऊ पोरांना डबल ड्युटी लावली तर?

शिकाऊ उमेदवाराला ओव्हरटाइम लावता येत नाही, सरकारने नेमलेल्या शिकाऊ उमेदवारी सल्लागाराची परवानगी घेतल्याशिवाय. पोरगं स्वतःहून तयार असलं तरी नाही. गणवेशाच्या सीझनला शिलाईवाले हमखास हे करतात म्हणून मुद्दाम लिहितोय.

१६. मशीनवर पोराचं बोट गेलं तर कोण बघणार?

मालक. कामगार नाही म्हणून भरपाई नाही असा सोयीचा अर्थ काही जण काढतात, तो चूक आहे. शिकाऊ उमेदवार कायद्यातच लिहिलंय की कामामुळे इजा झाली तर भरपाई मालकाने द्यायची, कारखान्यातले सुरक्षेचे नियमही त्याला तसेच लागू. ईएसआयचं कव्हर नसल्यामुळे खर्च थेट तुमच्या खिशातून जातो, तेव्हा एक अपघात विमा काढून टाका. आणि धोक्याच्या कामावर १८ च्या आतलं पोरगं उभं करूच नका, कायद्याने चालत नाही.

१७. पंतप्रधान इंटर्नशिपमध्ये माझा कारखाना नोंदवता येईल का?

थेट नाही. ती सीएसआरवर, म्हणजे कंपन्यांनी करायच्या समाजकामावर, जास्त खर्च करणाऱ्या देशातल्या वरच्या ५०० कंपन्यांसाठी आहे. अशा कंपनीला तुम्ही माल पुरवत असाल तर ती तिच्यामार्फत पोरं तुमच्याकडे पाठवू शकते.

पोरांसाठी सांगायचं तर ऑक्टोबर २०२४ ला सुरू झालेल्या पथदर्शी टप्प्यात वय २१ ते २४, मुदत १२ महिने, महिना ५,०००, त्यातले ४,५०० सरकारचे आणि ५०० कंपनीचे, वर रुजू होताना एकदा ६,०००. पूर्णवेळ शिकणारा चालत नाही पण मुक्त किंवा ऑनलाइन शिकणारा चालतो, म्हणजे बाहेरून बीए करणाऱ्या पोरीला इथं दार उघडं आहे. घरचं उत्पन्न ८ लाखांच्या वर असेल किंवा घरात कोणी कायम सरकारी नोकरीत असेल तर नाही. जागा बहुतेक पुण्या-मुंबईकडे दिसतात, आणि ५,००० मध्ये पुण्यात खोली, मेस आणि बस भागतं का हा हिशोब घरी बसून करा मगच होकार द्या.

१८. एक संपली की दुसरी, असं करता येतं का? किंवा दोन एकदम?

दोन एकदम नाही, आधारवरून लगेच सापडतं. एकामागून एक मध्ये क्रम महत्त्वाचा आहे. नॅप्स किंवा नॅट्स पूर्ण केलेलं पोरगं पंतप्रधान इंटर्नशिपला कायमचं बाद होतं. म्हणून कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपला अ‍ॅप्रेंटिस लागायची संधी आली आणि डोक्यात पंतप्रधान इंटर्नशिपही असेल तर विचार करून ठरवा. मला विचाराल तर आयटीआयवाल्याने अ‍ॅप्रेंटिसशिपच घ्यावी, त्याचं राष्ट्रीय प्रमाणपत्र पुढे भरतीत उपयोगी पडतं.

१९. दोन वर्षं आमच्याकडेच असलेला कामगार आहे, बारावी पास, त्यालाच योजनेत दाखवलं तर आमचा पगार वाचेल ना?

कोण सांगतंय हो हे तुम्हाला? योजना नवीन पोराला शिकवण्यासाठी आहे, जुन्याचा पगार सरकारवर ढकलण्यासाठी नाही. आणि पकडलं जाणं सोपं आहे, पीएफमध्ये त्याच्या आधारवर तुमच्याच कोडखाली दोन वर्षांची नोंद असते. पीएफ भरलाच नव्हता म्हणत असाल तर तो वेगळाच गुन्हा तुम्ही आपल्या तोंडाने कबूल करताय.

२०. माझा मावसभाऊ कॅनडात आहे, तो म्हणतो तिथं निम्मा पगार सरकार देतं. आपल्याकडे तसं का नाही?

तिथली स्टुडंट वर्क प्लेसमेंट योजना म्हणत असेल. तिच्यात शिकत असलेला विद्यार्थी घेतला तर मालकाला पगाराच्या ५० टक्के, कमाल ५,००० डॉलर, आणि पहिल्या वर्षाचे विद्यार्थी, अपंग, आदिवासी वगैरेंसाठी ७० टक्के, कमाल ७,००० डॉलर अशी रचना ठेवलेली आहे. मोठा फरक दोन ठिकाणी, तिथं मुळात विद्यार्थीच लागतो, आणि पैसे मालकाला परत मिळतात. पण आपल्याकडून स्टुडंट व्हिसावर गेलेली पोरं तिच्यात बसत नाहीत, नागरिक किंवा कायम रहिवासी लागतो, तेव्हा त्या आशेवर कोणी कर्ज काढू नका. निम्म्याच्या हिशोबात आपलं नॅट्स तिच्या जवळपास जातं, फक्त आकडा लहान.

२१. मुदत संपली की पोराला नोकरी द्यावीच लागते का? आणि दिली तर सरकार आणखी काही देतं का?

द्यावीच असं बंधन कुठल्याच योजनेत नाही. राज्याच्या योजनेतली पोरं अकरा महिन्यांनी कायम करा म्हणून आंदोलनाला बसली, त्यांचं दुःख समजतं, पण योजनेत तसं वचन लिहिलेलं नव्हतं. नॅप्स-नॅट्समध्येही नोकरीचं धोरण मालकाने स्वतःचं ठरवायचं असतं, ते करारात आधीच स्पष्ट लिहा.

ठेवायचं ठरवलं तर मात्र पंतप्रधान विकसित भारत रोजगार योजना बघा. १ ऑगस्ट २०२५ ते ३१ जुलै २०२७ मध्ये दिलेल्या नोकऱ्यांना ती लागू आहे. ५० पेक्षा कमी माणसं असतील तर कमीत कमी २ नवीन, ५० किंवा जास्त असतील तर ५ नवीन माणसं वाढवायची आणि ६ महिने टिकवायची. पीएफचा पगार १०,००० पर्यंत असेल तर महिना १,००० पर्यंत, १०,००० च्या वर ते २०,००० पर्यंत २,०००, त्याच्या वर १ लाखापर्यंत ३,०००, हे माणसामागे मालकाला, दोन वर्षं, आणि कारखानदारीला चार वर्षं. इथं मात्र पैसे खरंच मालकाच्या पॅनला जोडलेल्या खात्यात येतात. पोरगं पहिल्यांदाच पीएफमध्ये येत असेल तर त्यालाही एक महिन्याच्या पगाराएवढे, कमाल १५,०००, दोन हप्त्यांत मिळतात, पहिला ६ महिन्यांनी, दुसरा १२ महिन्यांनी. शिकाऊ असताना पीएफ नव्हता (प्रश्न १४) त्यामुळे तो 'पहिल्यांदाच' मध्ये बसतो.

समजा तुमच्याकडे १८ माणसं आहेत आणि नॅप्स संपलेली दोन पोरं १४,००० वर कायम केली, तर दोघांचे मिळून महिना ४,००० तुम्हाला. एकच ठेवलं तर शून्य, कारण दोनची अट आहे. आणि मधेच एक सोडून गेला तर मोजणी कमी भरते, म्हणून ठेवताना तिसरा तयार ठेवा.